ओ आल्याशिवाय कुलूप नाही

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या शालेय समितीचे ज्येष्ठ मार्गदर्शक. प्रमुख पाहुण्या, ही इमारत आपल्या सगळ्यांच्या आधी ज्यांना दिसली होती त्या आर्किटेक्ट मॅडम. उद्या सकाळपासून ही शाळा ज्यांच्या स्वाधीन होणार आहे ते नवे मुख्याध्यापक. सर्व शिक्षक-शिक्षिका, कार्यालयातली मंडळी, पालक, दाटीवाटीने पायऱ्यांवर बसलेले माजी विद्यार्थी. आणि आजच्या सत्कारमूर्ती, या शाळेच्या मावळत्या मुख्याध्यापिका, ज्यांना आपण सगळे 'बाई' म्हणता आणि मी 'अगं' म्हणतो, त्या. सर्वांना माझा नमस्कार.

निवेदकांनी माझी ओळख 'सुप्रसिद्ध दंतवैद्य' अशी करून दिली. सुप्रसिद्ध वगैरे काही नाही हो. इथल्या निम्म्या लोकांच्या दाढा मी पाहिल्यात म्हणून ते मला ओळखतात आणि उरलेले निम्मे मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बाजूने जातात. पण मला बोलायला उभं करण्यात आयोजकांचा अंदाज जरा चुकलाय, हे आधीच सांगून ठेवतो. दंतवैद्य आयुष्यभर अशाच माणसांशी बोलतो, ज्यांचं तोंड उघडं असतं पण ज्यांना उत्तर देता येत नाही. त्यामुळे मध्ये कुणी अडवण्याची मला सवय नाही. आपण शांतपणे ऐकून घ्याल, फार हालचाल करणार नाही, अशी आशा आहे. दुखलं तर हात वर करा.

माझ्या आधीचे सगळे वक्ते फार छान बोलले. गणिताच्या सरांना तर भाषण अर्ध्यावर सोडावं लागलं. मीही सकाळपासून मनाशी म्हणत होतो की, बाबा रे, निरोपाचा समारंभ आहे, चेहरा जरा गंभीर ठेव. पण खरं सांगू? मला वाईट वाटत नाहीये. मला सुटल्यासारखं वाटतंय. हायसं वाटतंय! मुख्याध्यापिकेच्या नवऱ्याला ती निवृत्त होताना इतका आनंद का व्हावा, असं आपल्याला वाटेल. ते सांगण्यासाठीच मी उभा आहे. ही गोष्ट जाहीरपणे सांगायची नाही अशी मला घरून ताकीद आहे. म्हणून तर मी मघापासून तिकडे, पहिल्या खुर्चीकडे, बघत नाहीये.

आधी जुनी शाळा आठवा. जे इथे शिकले आहेत त्यांना आठवेल. लांबच लांब बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या, खोल्यांत जमिनीला खिळवलेले बाक. मास्तर पुढे, मुलं मागे, आणि मुलांनी आयुष्यभर काय पाहायचं, तर पुढच्याची मान! हिने ती इमारत पाडायची ठरवली तेव्हा लोकांना वाटलं, रंगरंगोटी होईल, पत्रे बदलतील. हिच्या डोक्यात भलतंच होतं. हिला हलणारी शाळा पाहिजे होती. भिंती सरकल्या पाहिजेत, टेबलांना चाकं पाहिजेत, चौघांनी मिळून काम करायचं असेल तर चौघांची जागा, चाळिसांनी बसायचं तर चाळिसांची. मूल एकमेकांकडे बघून शिकतं, मानेकडे बघून नाही, हे वाक्य मी आमच्या घरी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

आणि मंडळी, या शाळेचा पहिला प्रयोग शाळेत झाला नाही. तो आमच्या घरी झाला. एके दिवशी मी दवाखान्यातून आलो तर जेवणाच्या टेबलाला चाकं! मी पानावर बसलो, कोपर टेकला, तर आमटीसकट टेबल निघालं खिडकीकडे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यातलं दार हिने बिजागरीतून काढून ठेवलं. का? तर आवाज किती पलीकडे जातो ते पाहायचंय. मग मी स्वयंपाकघरात उभं राहून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, ही बाहेर बसून टिपणं काढणार, आणि शेजारीण येऊन विचारणार, "भावजी बरे आहेत ना?"

तेवढ्यावर भागलं नाही. एका रविवारी हिने माझ्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खुर्च्या गोल मांडून ठेवल्या. म्हणे, ओळीत बसलेली माणसं बोलत नाहीत, गोलात बसली की बोलतात. बोलली की हो! सोमवारी सगळे सुजलेले गाल एकमेकांसमोर आले. कुणी विचारलं, तुमची कुठली? कुणी म्हणालं, मला लवंगेने बरं वाटलं. कुणी म्हणालं, गरम पाण्याने शेका. आणि दोन पेशंट माझ्यापर्यंत न पोहोचताच बरे होऊन घरी गेले. मी हिला म्हटलं, "अगं, तुझं हे सहकार्याने शिक्षण माझ्या पोटावर पाय देणार." ही म्हणाली, "म्हणजे उपयोग होतो तर!"

तर अशी ही इमारत उभी राहिली. आर्किटेक्ट मॅडम तेव्हा अगदी तरुण होत्या. हिच्याशी वाद घालायला आमच्याकडे यायच्या आणि वाद जिंकायला लागल्या की चहा थंड व्हायचा. मधला हा मोठा चौक, ज्याला मुलं अंगण म्हणतात, तो त्यांचा. मुलांच्या उंचीच्या खिडक्या त्यांच्या. छताच्या रुळावरून सरकणाऱ्या या भिंतीही त्यांच्याच. भिंत उघडायची झाली की तिच्या फळ्या एकामागून एक सरकत बाजूच्या एका अरुंद कप्प्यात जाऊन बसतात. भिंत लावलेली असली की तो कप्पा रिकामा. त्याच्यावर नुसता जाड पडदा. हा कप्पा लक्षात ठेवा बरं का.

शिक्षकांची काय त्रेधा उडाली होती! आमचे इतिहासाचे सर महिनाभर वर्गाची पुढची बाजू शोधत होते. हुशार मुलांची तर पंचाईतच झाली, कारण पहिला बाक कुठला तेच कळेना. आणि मागचा बाक गेला, म्हणजे निम्म्या मुलांचं तर घरच गेलं. आपण हसतो आहोत, पण हे वाक्यही लक्षात ठेवा.

दुसरी अडचण आवाजाची. भिंती पातळ, अर्ध्या उघड्या. एका गटात हसले की चौघांचा हिशेब चुकतो. म्हणून हिने नियम केला, हातभर आवाज. आपला हात जिथवर पोचतो तिथल्या माणसाला ऐकू जाईल एवढंच बोलायचं. मुलांनीच नाही, मोठ्यांनीसुद्धा. घंटा काढून टाकली. तास संपला की दिवा लुकलुकणार. हजेरीसुद्धा पुकारायची नाही. प्रत्येक मुलाकडे त्याच्या रंगाचा एक बिल्ला. मूल ज्या गटात जाईल तिथल्या खुंटीवर आपला बिल्ला अडकवणार. वाचनाच्या खुंटीवर बिल्ला दिसला, म्हणजे पोर वाचनात. सुतारकामाच्या खुंटीवर दिसला, म्हणजे सुतारकामात. केवढी शांत, केवढी शहाणी शाळा! लांबून लोक बघायला यायचे आणि चपला हातात घेऊन फिरायचे.

आमचे अध्यक्ष मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत होते, बाई, शाळेला भिंत पाहिजे. सरकणारी नको, हलणारी नको, विटांची पाहिजे. साहेब, मी खोटं सांगत असेन तर अडवा मला. नाही ना? मान हलली, सगळ्यांनी पाहिलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमची नात. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण घरात ती एका जागी टिकत नाही. ती पहिलीत होती. माझी लेक नोकरीच्या गावाहून संध्याकाळी उशिरा यायची, म्हणून भिंगरीला शाळेतून आणायचं काम माझं. त्या दिवशी मी दवाखाना बंद करून फाटकाशी येऊन उभा राहिलो. मुलं बाहेर पडली. रेटारेटी झाली, रिक्षा भरल्या, गेल्या. फाटक रिकामं झालं. भिंगरी नाही.

मी आत गेलो. तिच्या वर्गताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती ना? ती आज गोष्टींच्या गटात आहे." गोष्टींच्या ताई म्हणाल्या, "नाही बाई, तिचा बिल्ला तर सुतारकामाच्या खुंटीवर आहे." सुतारकामाचे सर म्हणाले, "बिल्ला आहे खरा, पण मला वाटलं ती बिल्ला विसरून गोष्टींकडे गेली." प्रत्येकाला वाटत होतं, ती दुसऱ्याकडे आहे. आणि मंडळी, कुणीही निष्काळजी नव्हतं हो. सगळे जीव लावणारे. जुन्या शाळेत एक मास्तर आणि चाळीस मुलं होती, एक कमी झालं की त्याला कळायचं. इथे मूल सगळ्यांचं होतं. म्हणून त्या दुपारी ते कुणाचंच नव्हतं.

मी पुन्हा फाटकापर्यंत धावत जाऊन पाहून आलो.

शोधाशोध सुरू झाली. आणि कशी सुरू झाली म्हणता? हातभर आवाजात! आपला विश्वास बसणार नाही. सगळे शिक्षक चवड्यांवर धावतायत. पाळणाघरातली लहान मुलं अजून शाळेत होती, नाटकाची तालीम चालू होती, त्यांना त्रास व्हायला नको, ती घाबरायला नकोत. एकमेकांना कानात विचारतायत, "सापडली?" "नाही. तिकडे पाहिलंत?" कपाटं उघडतायत, पण दाराचा आवाज होऊ नये म्हणून हळू लावतायत. मी न राहवून म्हटलं, "अहो, हाका मारा की!" तर गणिताचे सर, हे आत्ता ज्यांनी भाषण अर्ध्यावर सोडलं ते, ओठावर बोट ठेवून मला म्हणाले, "श्श!" सर, मला तेव्हा तुमचे सगळे दात एका बैठकीत काढावेसे वाटले होते. आज रागावू नका.

मी पळत मागच्या बाजूला गेलो. पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. का उचललं ते कुठल्याही आजोबाला विचारा. आत पाणी होतं, नुसतं पाणी. मी तिथेच कठड्याला धरून उभा राहिलो. लेकीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

तोवर कुणीतरी ऑफिसात जाऊन हिला सांगितलं. संध्याकाळी पालकसभा होती, त्याची तयारी करत होती ही. बाहेर आली. मला वाटलं, रडेल, धावेल. हिने काय विचारलं ठाऊक आहे? "बाकीची सगळी मुलं मोजली का? अजून कुणी कमी नाही ना?" मी चिडलो. म्हटलं, "अगं, आपली भिंगरी हरवलीय!" माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळतंय मला. पण बाकीचीही कुणाची तरी भिंगरीच आहेत." आणि पालकसभेचे कागद हिने हातात पार चुरगाळले होते.

पाळणाघरातली, तालमीतली मुलं मोजून झाली. सगळी होती. मग ही या अंगणात आली, बरोब्बर इथे, जिथे आत्ता हे माइकचं दांडकं आहे. ज्या बाईने हातभर आवाजाचा नियम केला, जी घरी मला शिंकतानासुद्धा हळू म्हणायची, तिने छाती भरून श्वास घेतला आणि भिंगरीच्या नावाने अशी हाक मारली, अशी हाक मारली, की तालमीतल्या राजाने तलवार टाकली.

काही नाही.

पुन्हा मारली. पूर्ण नावाने.

आणि भिंतीतून आवाज आला, "ओ!"

अगदी शांत. पेशंटने पुढच्या खोलीतून द्यावी तशी ओ. भिंतीच्या त्या रिकाम्या कप्प्याचा पडदा बाजूला झाला आणि आमची भिंगरी बाहेर आली. केसांना जळमटं, हातात गोष्टीचं पुस्तक. माझा जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला. मी खाली बसलो.

हिने तिला जवळ घेतलं. विचारलं, "इथे का बसलीस गं?" ती म्हणाली, "बाहेर सगळे सारखे एकत्र असतात. मला जरा एकटं बसायचं होतं." मग ही म्हणाली, "आणि आम्ही इतका वेळ शोधतोय, तुला ऐकू नाही आलं?" तर पोर म्हणते, "आजी, मला कुणी हाकच मारली नाही. मी केव्हापासून ओ द्यायला तयार होते."

तिने पावलांचा आवाज ऐकला होता. पण पावलं काय, शाळेत असायचीच. नाव कुणी घेतलं नाही. सकाळपासून त्या पोरीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. बिल्ला अडकवला की झालं.

आणि पालकसभेसाठी ती भिंत उघडायची होती. म्हणजे फळ्या सगळ्या त्या कप्प्यात ढकलायच्या होत्या. शिपाईमामा त्याच कामाला निघाले होते. यापुढचं मी कधी बोललेलो नाही, आजही बोलत नाही.

घरी आल्यावर हिने जेवणाचं टेबल भिंतीला लावलं आणि त्याची चाकं काढायला बसली. मी म्हटलं, "राहू दे." म्हणाली, "अध्यक्षांचं खरं होतं. विटांच्या भिंती बांधून घेते आणि राजीनामा देते. मी शाळा बांधायला गेले आणि आपल्याच नातीला गाडून बसले असते." मी समजूत काढली, पण माझ्याही अंगातून भीती गेलेली नव्हती. खरं तर त्या क्षणी कुणी मला थापी आणि विटा दिल्या असत्या, तर मीच बांधल्या असत्या भिंती.

मग बोलली ती भिंगरी. जेवता जेवता, तोंडात घास घेऊन. "आजी, सगळं बांध. पण माझी जागा बुजवू नकोस. छान आहे ती."

समितीची बैठक बसली. आर्किटेक्ट मॅडम धावत आल्या. त्यांनी काय केलं, ते मी दारातून पाहिलंय. बोलण्याआधी त्या त्या कप्प्यात गेल्या, पडदा ओढला आणि बसून राहिल्या. समिती बाहेर खुर्च्यांवर, मॅडम भिंतीत. अध्यक्ष घड्याळ बघतायत. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, डोळे लाल. म्हणाल्या, "आत बरं वाटतं. सबंध इमारतीत मी एकत्र येण्याच्या जागा काढल्या, एकटं होण्याची एकही काढली नाही. ती या पोरीने शोधली. मागचा बाक आपण काढला, पण मागच्या बाकावर बसणारं पोर जाणार कुठे?"

आज प्रत्येक दालनात ते जे खोपे दिसतात ना, भिंतीतले, एका मुलापुरते, आत उशी आणि छोटा दिवा, ते तेव्हापासूनचे. त्यांचे पडदे गुडघ्यापर्यंतच आहेत, खाली पाय दिसले पाहिजेत म्हणून. आणि भिंतींच्या फळ्या आता बाहेरच्या अंगाला, कुलपात. लांबून शाळा बघायला येणारे पाहुणे हल्ली आधी त्या खोप्यांचे फोटो काढतात. कुणाला वाटतं, परदेशातून शिकून आणलेली कल्पना असेल. ती आमच्या भिंगरीच्या केसांतल्या जळमटांतून आली आहे.

पण समिती एवढ्यावर कशी ऐकणार? अध्यक्ष म्हणाले, "भिंती मी नाही बांधत. पण एक अट. रोज शाळा सुटताना या अंगणात उभं राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारायची. मोठ्याने. आणि त्याची ओ आल्याशिवाय शाळेला कुलूप लागायचं नाही. एक दिवस जरी चुकलं, तर दुसऱ्या दिवशी गवंडी येईल." साहेब, आपल्याला तेव्हा वाटलं होतं, ही बाई आठवडाभरात कंटाळेल. खरं ना? पुन्हा मान हलली.

आपली मुलं शाळा सुटताना जी हाक ऐकतात, जिची आता आपल्याला गंमत वाटते, कोण कशी ओ देतो याची नक्कल घरोघरी होते, ती अशी सुरू झाली, मंडळी. हातभर आवाजाच्या शाळेत दिवसातून एकदा गळा मोकळा. कुणी ओ लांबवतो, कुणी गातो, एका पोराची ओ तर थेट म्हशीसारखी येते, त्याला मी ओळखतो, त्याच्या किडक्या दाढेचं माझं येणं बाकी आहे.

बाहेरच्यांना ती गंमत. घरात मात्र मी दुसरंच पाहिलं. त्या दिवसापासून आजपर्यंत हिने ही हाक एकदाही दुसऱ्यावर सोपवली नाही. तापात आली. पायाला प्लास्टर होतं तेव्हा खुर्चीवरून मारली. लेकीचं दुसरं बाळंतपण होतं, तेव्हा ही दवाखान्यातून उठून, हाक मारून, पुन्हा दवाखान्यात गेली. बाहेरगावी लग्न, मुंज, बारसं, काही नाही. मी किती समारंभांना एकटा जाऊन 'ती येणार होती हो, पण' हे वाक्य बोललोय! आणि घरी, जेवताना, घास हातात तसाच धरून ही मध्येच थांबते आणि मला विचारते, "सगळ्यांनी दिली ना ओ?" मी कसा सांगणार? मी दवाखान्यात होतो. तरी मी म्हणतो, "दिली गं, सगळ्यांनी दिली." मग घास तोंडात जातो.

लोकांना हिची शाळा दिसते. हलणाऱ्या भिंती, हसणारी मुलं, बक्षिसं. मला त्या सगळ्याखाली ती भीती दिसायची. इतकी वर्षं ही बाई एक मूल शोधतच होती. ते केव्हाच सापडलंय, मोठं झालंय, कॉलेजात जातंय, ते बघा तिकडे तिसऱ्या पायरीवर बसून मला खुणा करतंय की आजोबा, पुरे. पण हिचा शोध काही संपत नव्हता. मला दुसरं काही नको होतं हो. ना बंगला, ना काशीयात्रा. हिला एक दिवस निवांत जेवताना बघायचं होतं.

म्हणून आज दुपारचा प्रसंग मला आपल्याला सांगायलाच हवा. शेवटची हाक होती हिची. अध्यक्ष मुद्दाम आले होते, काठी टेकत, अंगणाच्या कडेला उभे. शेवटच्या पोराने ओ दिली. ते पळालं. अध्यक्ष पुढे आले आणि म्हणाले, "बाई, अट मागे घेतली. आजपासून अट नाही. भिंतींना कुणी हात लावणार नाही." मग नवे मुख्याध्यापक, हे शेजारी बसलेले, पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, अट गेली तर गेली. हाक राहील. उद्याची मी मारतो." आणि किल्ल्या घ्यायला हात पुढे केला.

हिने किल्ल्या दिल्या. आणि एक श्वास सोडला. मी अगदी बाजूला होतो म्हणून मला ऐकू आला. लोक दाढ काढून झाल्यावर असा श्वास सोडतात, तो मी रोज ऐकतो. पण याची मी फार वर्षं वाट बघत होतो. मुख्याध्यापक, आपले आभार मानायला मला शब्द नाहीत. आपल्या दातांची जन्मभराची काळजी माझ्याकडे लागली.

आता मला सांगा, मी दुःख कशाचं करू?

बराच वेळ बोललो. आयोजकांनी मला बोलावलं, अध्यक्षांनी दोनदा मान हलवून साथ दिली, आर्किटेक्ट मॅडमनी इमारतीला खोपे दिले, शिक्षकांनी चवड्यांवर का होईना पण धावून माझी नात शोधली, आणि आपण सगळ्यांनी तोंड मिटून, न विव्हळता ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर म्हाताऱ्याचा हात जरा जड पडला समजून पोटात घालावं. गणिताच्या सरांची वेगळी माफी मागतो. आणि घरची ताकीद मोडल्याबद्दलची माफी घरी जाऊनच मागावी लागेल, ती इथे मागून भागणार नाही.

जाता जाता एकच. या शाळेचा नियम आहे, हाक मारायची आणि ओ आल्याशिवाय हलायचं नाही. हिने आजवर सगळ्यांना हाका मारल्या. हिला कोण मारणार? म्हणून मी मारतो. अगं ए!

काय? काय म्हणतेस भिंगरी? नावाने? 'अगं' चालत नाही?

बरं. पोरीचं बरोबर आहे, नियम म्हणजे नियम. पण कागदावरचं नाव नको, ते सगळे घेतात. हिचं माहेरचं एक नाव आहे, जे या गावात फक्त मला ठाऊक आहे आणि जे घेतल्यावर आज मला जेवायला मिळेल की नाही शंका आहे. मिळो न मिळो.

छबू! सगळी मुलं घरी पोचली गं. चल, आता आपणही जाऊ.

मी थांबलोय हं. ओ आल्याशिवाय मी या माइकपासून हलत नाही. साहेब, आपण बसा. कुणी टाळ्या वाजवू नका, मला ऐकू आलं पाहिजे.

हां!

आली ओ. हातभरच आवाजात आली, पण आली. नमस्कार.